स्क्रीन नसलेला कॅमेरा

प्रश्न : माझे मामा पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतात. दोन डिजिटल कॅमेरे, ड्रोन, अल्बम डिझाइन करायला मुलं, असा नीट बसलेला धंदा आहे. मागच्या वर्षी त्यांनी माळ्यावरचा जुना निकॉन एफएम-२ खाली काढला आणि दुरुस्त करून आणला. आता सुट्टीच्या दिवशी त्यात रोल घालून ते पूर्व भागातल्या यंत्रमागांचे, गड्ड्याच्या यात्रेचे कृष्णधवल फोटो काढतात. एक रोल संपायला महिना जातो आणि धुऊन यायला आणखी पंधरा दिवस. मोबाइलवर जे क्षणात होतं, त्यासाठी एवढे पैसे घालून एवढी वाट कशाला बघायची? विचारलं तर हसतात आणि म्हणतात, "तुला नाही कळायचं." मला खरंच कळून घ्यायचं आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी मामांचा कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मंगल कार्यालयात अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, अक्षता पडताहेत. मामांनी फोटो काढला की नवरीची बहीण नाहीतर नवऱ्याचा मित्र शेजारी येऊन म्हणणार, "दाखवा बघू." मग कॅमेऱ्याची पाठ त्यांच्यापुढे धरायची. "डोळे मिटले हो हिचे, परत घ्या." परत घ्यायचा. यात गैर काहीच नाही. लग्न त्यांचं, पैसे त्यांचे आणि फोटोही त्यांचाच. पण वर्षानुवर्षं असं काम केलेल्या माणसाचा डोळा हळूहळू दुसऱ्याच्या पसंतीनेच बघायला लागतो. फोटो काढल्याक्षणी त्याचा निकाल लागतो. पुढेपुढे माणूस एकटा असला तरी बोट बटणावरून उठतं न उठतं तोच मान खाली जाते. समोर जे घडत असतं ते तसंच घडत राहतं, आणि हा मात्र स्क्रीनवर मागचा फोटो तपासत उभा.

एफएम-२च्या पाठीवर नुसतं काळं झाकण आहे. १९८२ साली बाजारात आलेला हा कॅमेरा सगळा यंत्रावर चालतो. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला, ती संपली तरी शटर पडतंच. फोटो काढल्यावर त्यात बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे नजर पुन्हा समोर जाते. माझ्या मते मामांच्या परतण्याचं खरं कारण हेच असावं. रोलवर काम करताना ते दाखवण्यातून सुटतात. गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं हे तर झालंच, पण ताबडतोब स्वतःलाही दाखवायचं नसतं, ही त्याहून मोठी सुटका आहे. जो माणूस फोटोवरच पोट भरतो त्यालाच तिची किंमत नीट कळते. आपण हौसेने महिन्याकाठी चार फोटो काढणारे, आपल्याला ती गरज तेवढ्या तीव्रतेने भासणार नाही. "तुला नाही कळायचं" या उत्तरात एवढं तरी तथ्य आहे.

या सुटकेला एक रासायनिक आधारही आहे. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. शटर उघडून मिटलं की ज्या स्फटिकांना प्रकाश लागला त्यांच्यात चांदीचे मोजके अणू, चारेक अणूंचा एखादा पुंजका, एकत्र येतात. बदल होतो तो एवढाच, आणि तो कुठल्याही भिंगातून दिसत नाही. पुढे डेव्हलपरमध्ये त्या पुंजक्याच्या आधाराने सबंध स्फटिक काळ्या चांदीत बदलतो, म्हणजे मूळचा परिणाम अब्जावधी पटींनी वाढतो. तोवर फोटो काढलेला असतो, पण कुणीही पाहिलेला नसतो. शास्त्रात याला सुप्त प्रतिमा म्हणतात. मामांचा एक महिना आणि वर पंधरा दिवस या सुप्त अवस्थेत जातात. या दिवसांत, फोटो काढताना मनात जी खळबळ होती ती ओसरते. रोल हातात येतो तेव्हा ते स्वतःच्या फोटोकडे जवळपास परक्याच्या नजरेने बघू शकतात. आपल्या कामाची निवड करायला याहून बरी मनःस्थिती मला ठाऊक नाही.

आपल्याकडे या वाट बघण्याचं एक फार मोठं उदाहरण आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण घेऊन आणि गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ चालवून. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर फुटून वेल कसा वाढतो हे एकेक फ्रेम घेत, दिवसांमागून दिवस टिपलं. कॅमेऱ्यात काय उमटत चाललंय हे फिल्म धुतल्याशिवाय त्यांनाही कळणार नव्हतं. मातीखालचं बी आणि डबीतली फिल्म, दोन्हींवर त्यांनी सारखाच भरवसा टाकला होता. पुढे दादरच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या, ती धुवायला मदत करायच्या. मराठी माणसाचा सिनेमा या अशा न दिसणाऱ्या कामातून उभा राहिलाय.

आता तुमच्या मनात येईल, की मामांना फिल्मचा तो 'लूक' हवा असेल, ते दाणेदार काळंपांढरं. थोडा भाग तोही असेल. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचंच बघा. सात नंदीध्वज निघतात, आणि ते पेलणारे व त्यांच्या बरोबरचे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. संक्रांतीच्या सुमाराचं भर दुपारचं ऊन, त्यात पांढरं कापड आणि खाली उन्हाने रापलेले चेहरे. डिजिटल सेन्सर एका मर्यादेपर्यंत प्रकाश इमाने घेतो, पण ती मर्यादा ओलांडली की तिथे निव्वळ पांढरा डाग राहतो. मग बाराबंदीची चूण गेली, बंद गेले, सगळं गेलं. निगेटिव्ह फिल्मचं वागणं वेगळं. प्रकाश वाढत जाईल तशी ती त्याला थोडीथोडी कमी दाद देत जाते, म्हणून चेहऱ्याच्या हिशेबाने फोटो घेतला तरी कापडाचा पोत सहसा टिकतो. जुने स्टुडिओवाले सांगायचे की प्रकाश सावलीसाठी मोजा आणि उजळ भाग धुताना सांभाळा. ते यामुळेच.

मात्र एवढ्यावरून मी 'फिल्मचा दर्जाच वेगळा' असं मामांच्या बाजूने मांडणार नाही. आजचा चांगला सेन्सर उजेड-अंधाराची फिल्मपेक्षा मोठी कक्षा पकडतो. डिजिटलवर काम करणारा जाणकार बाराबंदीच्या हिशेबाने फोटो घेईल आणि चेहरे नंतर संगणकावर उजळेल. लग्नात मामा नेमकं हेच करत असणार. दाणेदारपणाचं तर काय, तो आता मोबाइलवर बोट फिरवूनही मिळतो. त्यामुळे प्रश्न दिसण्याचा असता तर मामांनी एवढा खटाटोप केला नसता.

सगळे मोठे फोटोग्राफर फिल्मकडे परतले, असंही नाही. रघू राय २००३च्या सुमारास डिजिटलकडे वळले आणि तिथेच रमले. ब्राझीलचे सेबास्तियाओ सालगादो यांनी 'जेनेसिस' या त्यांच्या दीर्घ प्रकल्पाच्या मध्येच, २००८ साली, डिजिटल कॅमेरा हातात घेतला. पण पुढेही ते निवड करायचे कागदावर काढलेल्या छोट्या प्रिंट्सवरून, आणि डिजिटल फोटोंच्या फिल्म निगेटिव्ह बनवून घ्यायचे. कॅमेरा बदलला तरी बघण्याची जुनी शिस्त त्यांनी सोडली नाही. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. मामांचा ओढा त्या शिस्तीकडे आहे, आणि एफएम-२ हा तिथे पोहोचायचा त्यांचा रस्ता आहे.

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट अमेरिकेचे स्टीव्ह मॅकरी यांची. १९३५पासून चालत आलेली कोडाक्रोम फिल्म कोडॅकने २००९ साली बंद केली आणि कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅकरींच्या हाती दिला. छत्तीस फोटो. ते न्यूयॉर्कमध्ये काही फ्रेम घेऊन भारतात आले, मुंबईत सिनेमातल्या कलावंतांचे आणि राजस्थानात रबारी लोकांचे फोटो घेतले. २०१० साली तो रोल कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स गावी धुतला गेला. कोडाक्रोम धुणारी ती जगातली शेवटची प्रयोगशाळा. त्या छत्तीसांतली एकही फ्रेम वाया जाऊ नये म्हणून मॅकरी आधी डिजिटल कॅमेऱ्यावर प्रकाश आणि चौकट तपासून बघत आणि मगच रोलवर फोटो घेत. कामगिरी तशीच होती, साऱ्या जगाची नजर त्या रोलवर होती. पण मामांच्या रोलवर कुणाचीच नजर नाही आणि तीच त्यातली मोलाची गोष्ट आहे. छत्तीसपैकी तीस फुकट गेले तरी कुणाला जाब द्यायचा नाही.

स्वतःसाठी म्हणून केलेलं काम शेवटी कुठे पोहोचतं, याचं मराठीतलं माझ्या मनातलं उदाहरण सुधारक ओलवे यांचं आहे. मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढता काढता त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांच्या आयुष्यात शिरून कृष्णधवल फोटो घेतले. त्यांनी कामगारांना गटारात उतरताना, कचऱ्याच्या ढिगावर, घरात, माणसांत टिपलं. रोजच्या बातमीला असे फोटो लागत नव्हते. ते पाहिल्यावर मुंबई रोज सकाळी स्वच्छ कशी होते, हा प्रश्न टाळता येत नाही. पुढे २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मामांच्या हातून तसं काही होईल की नाही, कोण सांगणार? पण पूर्व भागातल्या मागांचे फोटो त्यांच्याकडे कुणी मागितलेले नाहीत, एवढं साम्य नक्की आहे. ज्या सोलापुरात १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कापडावर पिढ्या जगल्या, तिथल्या मागावर बसलेल्या माणसाचा चेहरा कुणीतरी सवडीने बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये दारातून येणारा उजेड आणि आतला काळोख यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिथे घाईने काहीच मिळत नाही. दोन-चार दिवस नुसतं जाऊन बसलं की माणसं कॅमेऱ्याकडे बघायची थांबतात. आणि मागे स्क्रीन नसला की "दाखवा बघू" म्हणत काम थांबवून कुणी उठतही नाही.

पैशांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. छत्तीस फोटोंचा कृष्णधवल रोल आज हजाराच्या आसपास पडतो. धुणं, स्कॅन करणं, कुरिअर धरलं तर एका फ्रेमला पस्तीस-चाळीस रुपये सहज होतात. एकेकाळी आपल्या देशातच फिल्म बनायची. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली उटीला स्थापन झाली, १९६७पासून तिथे उत्पादन सुरू झालं, आणि 'इंदू' या नावाचे कृष्णधवल रोल आणि कागद देशभरच्या स्टुडिओंत पोहोचले. ती कंपनी आता बंद आहे. आज मिळणारा जवळपास प्रत्येक रोल परदेशातून येतो, त्यामुळे ही हौस स्वस्त होईल अशी आशा मामांना दाखवू नका.

त्यापेक्षा त्यांना मदत करा. रोल घरीच धुतला तर खर्च आणि वाट दोन्ही कमी होतात आणि कृष्णधवल रोल धुणं अवघड नाही. हात घालायची काळी पिशवी, प्रकाश न शिरणारा टँक, थर्मामीटर, डेव्हलपर आणि प्रतिमा पक्की करणारा हायपो, एवढ्यावर भागतं. अडचण आहे ती सोलापूरच्या उन्हाळ्याची. डेव्हलपरच्या वेळा २० अंश सेल्सिअस धरून दिलेल्या असतात. उदाहरणार्थ, एचपी-५ रोल मूळ तीव्रतेच्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी याच्या कितीतरी वर असतं. तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा. २४ अंशांपर्यंत वेळ कमी करून काम होतं, त्यापुढे वेळ इतकी तोकडी होते की रोलवर डाग आणि पट्टे उमटायची भीती असते. रंगीत रोलची गोष्ट वेगळी, तो ३८ अंशांनाच धुवायचा असतो. सगळी द्रावणं आणि धुवायचं पाणी एकाच तापमानाचं ठेवा, नाहीतर जिलेटिनला भेगा जातात.

पाण्याची काळजी नको. नळाखाली अर्धा तास रोल धरायची गरजच नाही. हायपोनंतर टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इलफर्ड कंपनीने सांगितलेली ही रीत आहे आणि पाणी जपून वापरणाऱ्या घरात ती फार उपयोगी पडते. शेवटचं खळबळणं मात्र डिस्टिल्ड वॉटरने करा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच चालेल. बोअरच्या पाण्यातले क्षार निगेटिव्हवर वाळले की ते डाग प्रत्येक प्रिंटमध्ये दिसतात. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात रोलची चांदी उतरलेली असते. तो कॅनमध्ये साठवा. एक्स-रेवाल्यांकडचा हायपो विकत नेणारे लोक असतात, त्यांना द्या. न वापरलेले रोल हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढून मगच डबी उघडा. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत रोल कधीच ठेवायचा नाही.


प्रश्न : आजोबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला आहे. तो चालेल का? रोल मिळतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बहुतेक चालेल. बडोद्याला बनलेला हा कॅमेरा इतका साधा आहे की त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. मागचं झाकण उघडा, उजेडाकडे धरा आणि खटका दाबा. भिंगातून क्षणभर उजेड चमकला तर शटर ठीक आहे. भिंगावर बुरशीची जाळी दिसली तर आधी मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. त्याला १२० नंबरचा रोल लागतो, तो अजूनही बनतो आणि मागवता येतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. आपल्याकडच्या उन्हात १०० किंवा १२५ स्पीडचा रोल घ्या, ४०० घेतलात तर या कॅमेऱ्याच्या संथ शटरला तो झेपणार नाही. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघून रोल पुढे सरकवायचा असतो, ते काम सावलीत करा आणि एरवी खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून ठेवा. फोटो काढताना कॅमेरा पोटाशी घट्ट धरला तर फोटो हलत नाही.


प्रश्न : वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पत्र्याच्या ट्रंकेत शेकडो निगेटिव्ह पडून आहेत आणि त्यांना आंबूस वास येतोय. स्कॅन करून टाकून दिल्या तर चालेल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : टाकू नका. आंबूस वास येतो तो फिल्मच्या पट्टीतलं ॲसिटेट सुटू लागल्यामुळे. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिड त्यातून निघतं. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वाढतं आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. म्हणून आज पहिलं काम एवढंच करा, की वास येणाऱ्या वेगळ्या काढा. त्या आधी स्कॅन करा, त्या फार दिवस टिकणार नाहीत. बाकीच्या साध्या कागदी पाकिटांत घाला. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नकोत. ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर खाली आणा आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा.

फिल्मच्या कडेवर 'सेफ्टी' असं इंग्रजीत छापलंय का ते बघा. १९५०च्या आधीची आणि असा शिक्का नसलेली फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती फार चटकन पेट घेते. २००३च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जी आग लागली, तिच्यात नायट्रेटवरच्या जुन्या चित्रपटांचा मोठा साठा जळाला, प्रभात फिल्म कंपनीचे सिनेमेही त्यात गेले. तशी फिल्म मिळाली तर ती घरात ठेवू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.

स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह ठेवायच्या, याचं कारण साधं आहे. हार्ड डिस्क बिघडते, फाइलचे प्रकार बदलतात, आणि निगेटिव्ह मात्र नुसती खिडकीकडे धरली तरी वाचता येते. सोलापूरला भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, तिथे त्यांच्या १९३८ ते १९४२ या काळातल्या चीनमधल्या कामाचे फोटो आज आपण बघतो, ते कुणीतरी तेव्हाच्या फिल्म आणि प्रिंट जपल्या म्हणून. तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत पंढरपुरातल्या चार पिढ्यांचे चेहरे असतील. कितीतरी घरांत आजी-आजोबांचा दुसरा फोटोच नसेल. म्हणून पाकिटांवर नुसते आकडे घालू नका. गावातल्या वयस्कर माणसांना दाखवून, कोण, कुठला, कुठल्या साली, हे मऊ पेन्सिलीने पाकिटावर लिहून घ्या. शाईचा पेन वापरू नका, शाई कागदातून उतरते. आणि हे लिहायचं काम स्कॅनिंगच्या आधी सुरू करा, कारण चेहरे ओळखणारी माणसं आज आहेत.